तोंड हिकडं करून बोला

बसा की पावणं, पण तितं नगं, हितं उजेडाला बसा, तुमचं तोंड मला दिसाय पायजे. तुमी लिवताना मान खाली घालता आणि मान खाली घालूनच पुढचं इचारता, मला वाटतंय ह्यो माणूस कागदाशीच बोलाय लागलाय. इचारायचं असंल तर पेन थांबवायचं, माझ्याकडं बघायचं, मंग बोलायचं. आमच्या घरात ह्योच कायदा हाय. हां, आता बोला. कुठनं सुरू करू? गावापास्नं? चालतंय की.

मी मूळचा गारगोटीच्या वरच्या अंगाचा, डोंगराच्या कडंला गाव, वडलांचं भाताचं रान आणि दोन म्हशी, शाळा गारगोटीला. अभ्यासात मी ढ म्हंजे अगदी ढ, पण आवाजात माझा नाद कुणी करायचा न्हाय. चढाला लागलेली एसटी काढायचो, व्यायला झालेली म्हैस काढायचो, आमच्या चुलत्याचा खोकला असा काढायचो की चुलती आतनं पाणी घेऊन यायची. हेडमास्तरांचं तर काय सांगू तुमाला, शिंकायच्या आधी त्यांच्या नाकात बारीक शिट्टी वाजायची, ती शिट्टीसुद्धा मला यायची. एकदा भिताडाच्या मागं हुबा राहून त्यांच्या आवाजात म्हटलं, आज दुपारनं सुट्टी, गप घरला जावा. आख्खी नववी दप्तर घेऊन पळाली. मास्तर मारताना म्हणाले, गाढवा, माझा आवाज मला बी एवढा चांगला येत न्हाय. कान हुता हो माझ्याकडं, एकदा ऐकलं की आत छापाच बसायचा.

बारावीला गटांगळी खाल्ली आणि मामा मला कबनूरला घिऊन आला. मामा मागावर, म्हंजे कापड विणायच्या यंत्रावर, कामाला हुता. हितं तसं सगळं घरटी मागच, गल्लीत शिरलं की पायाखालची जमीन थरथरती, चहा प्यायला तर कपात चहा थरथरतोय. पयल्या दिवशी शेडात पाऊल टाकलं आणि कान गेलं का कानाची जागाच गेली कळंना. धोटा म्हंजे सूत घेऊन हिकडनं तिकडं पळतोय त्यो लाकडाचा तुकडा, त्यो दर फेरीला आपटतोय, आणि असं माग शेडात ओळीनं, सगळं एकदम सुरू. मामा माझ्यासमोर हुबा राहून तोंड हलवतोय आणि आवाजच न्हाय. मला वाटलं मामाचा गळा बसला. मी कानाशी वाकलो, तर त्यानं माझी हनुवटी धरली, तोंड आपल्याकडं फिरवलं आणि सावकाश ओठ हलवलं. तवा कळलं, हितं बोलायचं म्हंजे दाखवायचं.

ती भाषा कुणी शिकवत न्हाय बघा. पाण्यात ढकलल्यागत हाय, पोहाय येतंयच. थोड्या महिन्यात मला शेडाच्या ह्या टोकावरनं त्या टोकाचं बोलणं दिसाय लागलं. कुणाच्या घरात भांडण, कुणाचं कुणावर मन, चहा कडक सांगायचा का साधा, सगळं आवाजाबिगर. आणि अक्षरं बी असत्यात हो प्रत्येकाची. आमचा बसू अण्णा, सीमेपलीकडचा, माग बिघडला की दुरुस्त करणारा, त्याच्या मिशा एवढ्या की निम्मं बोलणं मिशीतच राहायचं, आणि वर कन्नडमधनं शिव्या. मला कन्नड बोलाय येत न्हाय पण अण्णाच्या शिव्या वाचाय येत्यात. आणि तोंडात गुटखा असंल तर त्या माणसाचं अक्षर घाण, कायबी लागत न्हाय.

कानाचं बी तसंच झालं. आधी सगळा खडखडाट म्हंजे एक भिताड हुतं. मंग त्या भिताडाच्या इटा दिसाय लागल्या. ह्यो माग जरा लंगडतोय, त्यो कोरडा पडलाय, ह्याचं सूत आत्ता तुटलं. पाठ करून हुबा असलो तरी हात आपोआप त्या मागाकडं जायचा. ह्यात माझी काय हुशारी न्हाय, आमच्यात सगळ्यांनाच येतंय, ज्याला येत न्हाय त्यो टिकत न्हाय. पण मला ह्याचं नवल वाटायचं, एवढ्या गदारोळात सूत तुटल्यालं कळतंय, आणि बाहेर चहाच्या गाड्यावर कुणी पाठीमागनं संज्या म्हटलं तर कळत न्हाय.

नकला? नकला सुरूच हुत्या की. पण आवाज कोण ऐकणार, म्हणून मी तोंडाच्या नकला कराय लागलो. मालक शेडात आला की आधी पोट आत घेतोय, मंग ओठ चंबू करून कापड बघतोय, ते मी अण्णाच्या मागं हुबा राहून करायचो आणि सगळी ओळ हसायची, माग चालू, दात बाहेर, आवाज शून्य. मला वाटलं मी अजून तयार झालो. मंग गावच्या जत्रेत पोरांनी मला माईक दिला. मी हेडमास्तर काढलं. टाळ्या पडल्या, पण पडायच्या म्हणून पडल्या. खाली उतरलो तर वर्गातला दोस्त म्हणाला, भावा, वाईट वाटून घेऊ नगं, पण मास्तर, म्हैस आणि एसटी, तिन्ही मागवाल्यागत वरडायला लागल्यात. आणि ती शिट्टी? म्हटलं, काढली की. त्यो म्हणाला, न्हाय निघाली. मला माझीच शिट्टी निघाली का न्हाय ते ऐकू आलं नव्हतं.

तरी मी मनावर घेतलं न्हाय. मंग मास्कचं दिवस आलं. बँकेत गेलतो, सगळ्यांची तोंडं बांधल्याली, काचंच्या मागनं बाई काय तरी म्हणती आणि मला नुसती मधमाशी गुणगुणल्यागत. मी म्हटलं, मोठ्यानं बोला. ती म्हणाली असणार, मोठ्यानंच बोलतीय. असणार म्हणतो, कारण मला दिसलंच न्हाय. रांगेतली माणसं हसाय लागली ती मला वळून बघितल्यावर खांदं हलताना कळली. तवा जरा चरकलो. पण मास्क गेलं, तोंडं उघडली, आणि मी बी इसरून गेलो.

आता ह्यातली गंमत ऐका, माझं लग्न कसं ठरलं ती. पोरगी गारगोटीच्याच अंगाची, अश्विनी, तिचं वडील गावच्या दूध संस्थेत सचिव. बघायला गेलतो मी, मामा आणि आमची आई. घर कसं, शांत. पंखासुद्धा बंद. मी पोह्याची बशी घेऊन बसलोय आणि समोर आतल्या दाराला तिची मावशी तिच्या आईच्या कानात बोलाय लागली. आता त्या बिचारीचं म्हणणं, कुजबुजतोय, कोण ऐकतंय. पण माझ्या डोळ्यासमोर हो, उजेडात, स्वच्छ अक्षर. मावशी म्हणती, रंग चालंल गं, पण डोकं बघ कसं हाय, नारळ ठेवल्यागत. आणि मी, आमच्यात दिसलं की उत्तर द्यायचं असतंय, सवयच ती, मी शेडातल्या आवाजात वरडलो, मावशी, डोकं आमच्या बाबावर गेलंय, नारळ बी आणि आतलं पाणी बी. काय सांगू तुमाला, सासऱ्याच्या हातातला चहा बशीत आला. मावशी दारातनं गायबच. नंतर म्हणाली म्हणं, पोराला काय तरी करणी येती, हितं नगं. मामा मला ओठांनी म्हणतोय, गाढवा, गप. आणि त्या सगळ्यात पोरगी, खाली मान घालून बसल्याली, तिनं हळूच तोंड वर केलं, माझ्याकडं बघितलं आणि आवाज न काढता नुसतं ओठांनी म्हणाली, मला चालतंय की. तिनं ते करून बघितलं हुतं, मला कळतंय का. मला कळलं. झालं लग्न.

पण लग्न म्हंजे समोरासमोर बसून बोलणं न्हाय हो पावणं. लग्न म्हंजे बायको गॅसकडं तोंड करून बोलती, कपाटात मुंडकं घालून बोलती, न्हाणीतनं बोलती, चालता चालता बोलती. आमची खोली शेडाला चिकटूनच, भिताडातनं खडखडाट येतोयच. ती आपली सकाळपास्नं बोलती आणि मी आपला गप. तिला वाटायचं, नवरा मुद्दाम करतोय. एकदा समोर येऊन म्हणाली, अवो, मी काय भिताडाशी बोलतो व्हय? आमच्या कोल्हापूरकडच्या बाया अशाच बोलत्यात, मी बोलतो, मी जातो, पुरुषागत. म्हटलं, तू भिताडाकडं तोंड करूनच बोलत हुतीस. हसली. तवा हसली.

मंग चिमी झाली. आता तीन वर्षाची हुईल. आणि तिच्यामुळंच सगळं हुबं राहिलं. ती नुकती चालाय लागलेली, दोन शब्द बोलाय लागलेली. मी रातपाळी करून आलतो, दुपारी उठलो, अश्विनी रेशनला गेल्ती, जाताना माझ्यासमोर येऊन, हनुवटी धरून सांगून गेल्ती, पोरीवर ध्यान ठेवा. मी चहा ठेवला, वळून बघतोय तर पोरगी न्हाय. खाटंखाली न्हाय, दारात न्हाय. गल्लीत पळालो, शेडात बघितलं, अण्णाला ओठांनी इचारलं, चिमी बघितली का, त्यो बी पळाला. विहिरीवर जाळी हाय तरी आत वाकून बघितलं. परत खोलीत, परत बाहेर. तेवढ्यात अश्विनी आली, पिशवी हातात, उंबऱ्यातच थांबली, आणि सरळ न्हाणीच्या दाराकडं गेली. पोरगी आत हुती. कडी आतनं पडल्याली. आत ती बाबा बाबा म्हणून हाका मारत हुती, मी त्या दारासमोरनं किती येळा गेलो आणि आलो, आणि ती आत वरडतीय. दार मोडलं आमी. पोरीचा आवाज बसल्याला. अश्विनी मला कायबी बोलली न्हाय. बोलली असती तर बरं झालं असतं, तोंड दिसलं असतं.

दुसऱ्या दिवशी कोल्हापुरात कानाच्या डॉक्टरणीकडं. तिनं आधी समोर बसून इचारलं, मी फटाफटा उत्तरं दिली. मंग तिनं तोंडापुढं पुठ्ठा धरला आणि बोलली, आणि मी शाळंतल्यागत ढ. ती म्हणाली, संजू, कान म्हंजे नुसतं दार हाय, ऐकतंय ते डोकं. दाराचं थोडं लाकूड गेलंय, बारीक आवाज आत येत न्हाईत. पण डोक्यानं बी आपलं डोकं चालवलंय. इतकी वर्षं कानातनं बोलणं येतच नव्हतं, तवा बोलण्याचं काम त्यानं डोळ्याला लावलंय. कानाकडं फक्त मागाची राखण ठेवलीय. म्हटलं, म्हंजे मला न इचारता बदल्या केल्या? ती हसली. मी इचारलं, आणि शांत जागंत माग वाजत्यात ते? ती म्हणाली, ते बाहेर न्हाईत. कानाकडनं येणं कमी झालं की डोकं आपलं बटण वाढवतंय, रेडिओला स्टेशन लागंना म्हणून पिळत बसल्यागत, मंग खरखरच मोठी हुती. म्हटलं बाई, मी तर घोडा झालोय, ह्या वयात डोकं बदलतंय? बदलतंय, म्हणाली, पोरांएवढं झटपट न्हाय, पण जिथं ठेवशील तसं हुतंय. मंग परत फिरंल का? ती म्हणाली, गेलेलं लाकूड येणार न्हाय, पण डोकं नवीन शिकंल. मागापास्नं लांब राहा, कानात ऐकायचं यंत्र घाल, आणि रोज तोंड न बघता ऐकायचा सराव कर, कंटाळा करू नगंस.

सासरा म्हणाला, मंग हिकडंच या, संस्थेत बसा, सकाळ संध्याकाळ दूध घ्यायचं, मधला दिवस मोकळा. आमी गेलो. मी लई उड्या मारत गेलतो हो, खोटं न्हाय. सुटलो म्हटलं.

काय सांगू तुमाला, त्या गावात पान पडलं तरी ऐकू येतंय म्हणत्यात. मला पान ऐकू येत नव्हतं आणि आख्खं शेड डोक्यात चालू हुतं. कबनूरला माग बाहेर असायचं, तितं ते माझ्या आत हुतं, आतलं बंद कसं करणार, बटण कुठाय? यंत्र घातलं तर बशी ठेवली तरी दगड फुटल्यागत, प्लास्टिकची पिशवी म्हंजे आभाळ फाटल्यागत, आणि माणसाचं बोलणं तेवढं तसंच मऊ. आणि डोळं तर मिटता येत नव्हतं. संस्थेच्या खिडकीतनं चौक दिसायचा. मला कायबी ऐकायचं नव्हतं पावणं, पण लोकांची तोंडं उघडी, मला दिसायचं. कोण कुणाच्या सुनंबद्दल काय म्हणतंय, कुणाच्या म्हशीला कोण नजर लावतंय. मला सांगायचं बोलणं कळत न्हाय, आणि न सांगायचं सगळं कळतंय, असा माणूस गावाला कशाला पायजे? मावशीनं आधीच सांगून ठेवल्यालं, ह्याच्यापुढं तोंड हलवू नगा. हळूहळू बाया दुधाची किटली घेऊन आल्या की पदर तोंडावर घ्यायच्या. पदराआडनं मला इचारायच्या, फॅट किती लागलं? मी बघत राहायचो. त्या बाहेर जाऊन हसायच्या, पदरातच.

डोकं शांत व्हावं म्हणून मी दुपारी पिठाच्या गिरणीजवळ जाऊन हुबा राहायचो. पट्टा सुरू झाला की आतलं माग थांबायचं, असा गार व्हायचो, जणू कुणी डोक्यावर हात फिरवला. गिरणीवाला ओळखून, समोर येऊन इचारायचा, दाजी, दळाण कुठाय? म्हटलं, दळाण न्हाय, मी असाच आलोय. त्यानं सासऱ्याला सांगिटलं, जावई रोज गिरणीची हवा खातोय.

आणि एक दिवस खिडकीतनं बघितलं, सासूबाई चौकात शेजारणीशी बोलत हुत्या. माझ्यावर माया हाय हो त्यांची, आंबोळी केली की आधी मला. पण त्या दिवशी त्यांचं तोंड सरळ माझ्याकडं हुतं, त्यांना वाटलं एवढ्या लांबनं काय दिसतंय. म्हणाल्या, माणूस चांगला हाय गं, पण घरात असून नसल्यागत. माझ्या पोरीनं आयुष्यभर बहिऱ्याच्या हनुवटीला हात लावत बसायचं व्हय? ह्या खेपंला मी उत्तर दिलं न्हाय. संध्याकाळी त्या चहा घेऊन आल्या, हसून म्हणाल्या, साखर बरोबर हाय का? म्हटलं, बरोबर हाय आत्या.

पुढच्या आठवड्यात परत कबनूरला. मालकानं पोट आत घेऊन इचारलं, आलास व्हय? म्हटलं, आलो. शेडात पाऊल टाकलं आणि डोक्यातला आवाज बाहेरच्या आवाजात मिसळून गेला, आणि मला रडू आलं. बरं वाटलं म्हणून रडू आलं, आणि बरं वाटतंय ह्याचं रडू आलं. जिथं कान जातोय तिथंच जीवाला थंड वाटतंय, ह्या फासाला काय नाव द्यायचं तुमीच बघा. अश्विनी भांडली न्हाय. म्हणाली, मागावर जावा, पण कानात बोळं घालून जावा, आणि रोज दुपारी माझ्यासमोर न्हाय, माझ्याकडं पाठ करून बसायचं. तवापास्नं मी बोळं घालतोय. सूत तुटल्यालं आता कानाला कळत न्हाय, चार माग कमी केलं, डोळ्यानं राखण करतोय, अण्णा ओठांनी म्हणतोय, संज्या, तू म्हातारा झालास.

दुपारी सराव. मी भिताडाकडं तोंड करून बसायचं, यंत्र घालून, पाठीमागनं अश्विनी एक एक शब्द बोलायची. पाणी. मी म्हणायचो, राणी. भाकरी. मी म्हणायचो, काय तरी री. पण थोडं थोडं लागाय लागलं, खोटं न्हाय, चार शब्दाला एक तरी. मंग चिमीला बी खेळ पायजे झाला. अश्विनी स्वयंपाकाला उठली की ती माझ्या पाठीमागं येऊन बोलायची. तिचं मात्र एक अक्षर लागंना. म्हटलं लेकराचा आवाज बारीक, लाकूड तिथलंच गेलंय. रोज हरायचो. एक दिवस अश्विनी कणीक मळता मळता थांबली, माझ्यासमोर आली आणि म्हणाली, अवो, ती आवाज काढतच न्हाय. तुमच्या पाठीमागं बसून नुसतं ओठ हलवती.

अंगणवाडीच्या बाई बी दुसऱ्याच दिवशी तेच म्हणाल्या. पोरगी समोर येऊन हनुवटी धरती, तोंड हलवती, आणि आमी उत्तर देईना झालो की रुसून बसती. तिला वाटतंय बोलणं म्हंजे हेच. न्हाणीतनं घसा फोडून वरडली तवा बाबा आला न्हाय, आणि समोर येऊन ओठ हलवलं की बाबा येतोय. मंग लेकरू काय शिकणार? डॉक्टरीण म्हणालती, पोरांचं डोकं झटपट बदलतंय. बदललं की.

आता असं हाय बघा. रोज दुपारी मी चिमीकडं पाठ करून बसतोय, पण भिताडाकडं न्हाय, अश्विनीकडं तोंड करून. तिला सांगून ठेवलंय. चिमीला म्हटलंय, बाबाला आता कान आलंत, पण आवाजानं हाक मारली तरच चालत्यात. ती पाठीमागं हुबी राहती. ओठ हलवले तर अश्विनी हलत न्हाय, मी बी हलत न्हाय. आवाज काढला की अश्विनी डोळं मिचकावती, आणि मी म्हणतोय, ओ. पोरगी अशा टाळ्या पिटती म्हणता. आता गल्लीत बी वरडाय लागलीय, शेजारीण म्हणती, लई तोंडाळ झालीय, बापावर गेलीय.

डॉक्टरणीला हे सांगिटलं तर ती म्हणाली, संजू, मंग तुझा सराव कुठला? तू परत डोळ्यानंच ऐकतोयस. म्हटलं, व्हय. तिनं पुठ्ठा खाली ठेवला. माझं डोकं परत शिकवायचं तर पोरीच्या हाकंला खरं ऐकू येईपर्यंत गप बसाय पायजे, आणि मी गप बसलो की ती गप हुती. तवा माझं राहू दे.

चला, पाळीची येळ हुत आली, अश्विनी बाहेरनं आली की मी निघतोय. चिमी आत झोपलीय, उठली की हाक मारंल. तुमी अजून बसणार असला तर, पावणं, तेवढं ऐकलं की मला डोळ्यानं खूण करा. देव तुमचं भलं करो.